वर भुसावळ, खाले सुरत

आमच्या जिजीला पूर्व-पश्चिम कधी कळली नाही. तिच्या जगाला दोनच दिशा, वर आणि खाले. तापी येते ते वर, जाते ते खाले. भुसावळ वर, प्रकाशा वर, सुरत खाले. मुंबई कुठे, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ती नदीवर नही." म्हणजे हिशेबातच नाही.

जिजी माझी आजी, आईची आई. आजोळ निझर तालुक्यातलं. "जिल्हा कोणता?" असं कोणी विचारलं की आमच्या घरात अजून वाद होतो. आजोबा जन्मले पश्चिम खानदेशात. 1 मे 1960 ला मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. त्यात आमचं गाव सुरत जिल्ह्यात पडलं. 2007 साली सुरतेतून तापी जिल्हा वेगळा निघाला, मग गाव तिकडे. जिजीचं माहेर बैलगाडीने अर्ध्या दिवसावर, पण ते राहिलं महाराष्ट्रात. ते आधी धुळ्यात होतं, 1998 पासून नंदुरबारात. मामा म्हणायचे, आपण बसल्या जागी तीन जिल्हे फिरलो, रुपयाचं तिकीट लागलं नाही.

साठ सालच्या त्या दिवशी गावात नेमकं काय झालं, याबद्दल दोन मतं. मोठी मावशी सांगते, शाळेत पेढे वाटले. मामांच्या मते पेढे बिढे काही नव्हते, पुढच्या वर्षी पुस्तकं बदलली तेव्हा कुठे गावाला कळलं. मला मामांचं खरं वाटतं. पण मावशीचे पेढे सोडवतही नाहीत. सातबाराला तिकडेही सातबाराच म्हणतात, तलाट्याला तलाटीच. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ तेवढी गेली. आणि मतदार यादीत जिजीच्या नावापुढची 'बाई' जाऊन 'बेन' आली. कोणीतरी तिला ते वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "नाव ते मन्हंच शे ना?" आणि पुन्हा मिरच्या खुडायला बसली.

भाषेचं तिला कधी अडलं नाही. आमची अहिराणी. मराठीत 'रामाचं घर', अहिराणीत 'रामनं घर' आणि गुजरातीतही 'रामनुं घर'. हा ना-नी-नं व्याकरणाच्या पुस्तकात पुढे वाचला तेव्हा मला शोध लागल्यासारखं झालं होतं. जिजीला तो बाजारातच लागलेला. आठवडे बाजारात गामीत बायका सुपात नागली घेऊन बसायच्या. नवापूरकडच्या मावच्यांची आणि सोनगड-व्याऱ्याकडच्या गामीतांची बोली सख्ख्या बहिणींसारखी. गुजर पाटलांची गुजरी आणखी वेगळी. जिजी प्रत्येकीशी तिच्या तिच्या बोलीत घासाघीस करायची आणि भाव मात्र अहिराणीत पाडायची. सुरतेहून आलेल्या कापडवाल्याची नक्कल करून ती आम्हाला हसवायची. "सुरतवाला सवता सुरतले हुरत म्हनस!"

आजोबांची खरी गोष्ट हरिपुऱ्याची. 1938 च्या फेब्रुवारीत बारडोलीजवळ तापीकाठच्या हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष सुभाषबाबू. खेड्यातलं पहिलं अधिवेशन त्याआधी आमच्याच खानदेशात, फैजपूरला झालेलं. तिथे जायचं राहिलं म्हणून आजोबांना रुखरुख होती. म्हणून ते नंदुरबारला ताप्तीलाइनची गाडी धरून निघाले. मध्ये सोनगड-व्याऱ्याची गायकवाडी हद्द, पलीकडे पुन्हा इंग्रजी. उतरले बहुधा मढीला. फडक्यात कळण्याची भाकरी, लसणाची चटणी आणि आपल्या शेतातल्या मिरच्या. ते सांगायचे, सुभाषबाबूंच्या रथाला एक्कावन्न बैल जुंपले होते. आम्ही नातवंडं खुदुखुदू हसायचो, दर उन्हाळ्यात बैल वाढवतात म्हणून. पुढे वाचलं तर अधिवेशन एक्कावन्नावं होतं आणि बैलही एक्कावन्नच. मी ते सांगायला गेलो तेव्हा आजोबा नव्हते. सुभाषबाबूंनी आपल्याकडची एक मिरची चावली आणि डोळे पुसले, असंही ते सांगत. ते कुठे छापलेलं सापडलं नाही. पण बैलांनंतर मी आजोबांवर अविश्वास दाखवत नाही.

त्याच लाइनीवर नवापूर लागतं. स्टेशन आधीचं, राज्यं नंतरची. त्यामुळे तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत आणि सीमा गेली ती थेट एका बाकावरून. लहानपणी आम्ही भावंडं त्या बाकावर भांडायचो, कारण शेंगदाणेवाला गुजरातच्या टोकाला उभा असायचा.

गाव जागचं हललं ते एकदाच. 1972 मध्ये उकाई धरण पुरं झालं, पाणी मागे चढत आलं आणि जुनं गाव त्यात गेलं. नदीकाठच्या काळ्या गाळात होणारी दादर ज्वारी गेली. त्या दादरची भाकरी जिजी हातावर थापायची, पांढरीशुभ्र, कडेला पापुद्रा सुटलेली. वरच्या माळावर नवीन गाव बसलं, पण तिथली भाकरी तिला शेवटपर्यंत पटली नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा ओटा दिसायचा. तिथे नेऊन ती आम्हाला दाखवायची. इथे चूल, इथे गोठा, इथे तुझी आई पडली होती. दिसायचा फक्त चिखल, पण आम्ही हो हो म्हणायचो.

शेत बुडालं तशी माणसं खाले गेली. मोठा मामेभाऊ उधन्याला लूमवर लागला, पाठोपाठ निम्मं गाव. आज उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून अहिराणी ऐकू येते, श्रावणात कानबाई बसते, रोट होतात. हिवाळ्यात तो भाऊ पोंक आणायचा, कोवळ्या ज्वारीचा, वर शेव. जिजीने पहिला घास घेतला आणि विचारलं, "हाऊ ते हुरडा शे. शेव कसाले?" तरी वाटी संपवली. 2006 च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाली तेव्हा हाच भाऊ तीन दिवस गच्चीवर होता. जिजीला कळल्यावर ती म्हणाली, "आपलंच पानी गया खाले." त्या बोलण्यात दुःख होतं की हिशेब, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण, अशी म्हण आहे. जिजीच्या मते आमच्या गावाला दोन्ही एकाच नदीवर मिळतं, खाले सुरत आणि वर प्रकाशा, आमची दक्षिण काशी. ती सुरतेला आयुष्यात दोनदाच गेली आणि घारी तिला फार तुपकट लागली.

तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर गुजरातीत 'बेन' आहे. प्रकाशाला संगमावर पिंड ठेवले तेव्हा गुरुजींनी नाव विचारलं. मामांनी 'बाई' सांगितलं.