लाट चुकवणाऱ्यांचा किनारा

शास्त्री नदी अरबी समुद्राला मिळते तेथे तिच्या दक्षिण तीरावर जयगड आहे आणि समोरच्या तीरावर गुहागर तालुक्यातले तावसाळ. जयगडचा सडा येथे नाकासारखा समुद्रात पुढे आलेला आहे. पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारी लाट या नाकावर आपटते आणि त्याच्या आडोशाला खाडीच्या तोंडाशी खोल, निवांत पाणी राहते. किल्ला, बंदर, आगबोटीचा थांबा आणि अलीकडची कोळशाची जहाजे, सगळे या आडोशामुळे येथे आले. नाकाच्या पलीकडचा, नांदिवड्यापासून मालगुंड-गणपतीपुळ्यापर्यंतचा किनारा उघडा आहे. तेथे जांभ्याचे कडे आहेत, मधे मधे वाळूचे पट्टे आहेत आणि त्यांवर लाट सरळ येऊन फुटते. जुन्या कागदपत्रांत या बाजूचा उल्लेख कमी, कारण नाव लावायला तेथे कोणी जात नसे. फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याचा सर्फिंगचा खेळ नेमका या दुसऱ्या बाजूचा आहे. जयगडचा दर्यावर्दी इतिहास मात्र शतकानुशतके लाट चुकवण्याचा आहे.

जयगडचा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीने सोळाव्या शतकात बांधला असे मानतात. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकाच्या हाती गेला. हा नाईक मोठा सत्ताधीश नव्हता. त्याच्याकडे सात-आठ गावे आणि सुमारे ६०० माणसे होती. तरीही १५८३ आणि १५८५ मध्ये पोर्तुगीज आणि विजापूरकर यांनी मिळून केलेल्या दोन्ही मोहिमा त्याने परतवल्याची नोंद रत्नागिरी जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. पाण्याने त्याला किती साथ दिली असेल हे खाडीचे तोंड पाहिले की कळते. बाहेरच्या जहाजाला आत शिरायचे तर किल्ल्याच्या माऱ्याखालून यावे लागते. बांधकाम टिकेना म्हणून जयबा नावाच्या माणसाने स्वतःचा बळी दिला आणि त्याच्यावरून गडाला नाव पडले, अशी कथा गावात सांगतात. किल्ल्यात त्याचे स्मारकही दाखवतात. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात तह झाला आणि जयगड आंग्र्यांकडे राहिला. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा पाडाव झाल्यावर किनाऱ्यावरची आंग्र्यांची सत्ता ओसरली आणि किल्ला पेशव्यांकडे आला. जून १८१८ मध्ये तो न लढता इंग्रजांच्या ताब्यात गेला.

आंग्र्यांच्या आरमारातली गलबते आणि गुराबा उथळ बुडाच्या होत्या. मोठे परकीय जहाज जेथे रुतेल अशा खाडीत त्या भरतीबरोबर शिरत आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. शास्त्रीच्या पात्रातून व्यापारी नावा आत फुणगूसपर्यंत जात. संगमेश्वरपर्यंतचा जुना जलमार्ग मात्र गाळाने भरत गेला. या सगळ्या वाहतुकीत लाटेचा उपयोग कोणी केला नाही. उपयोग होता भरतीचा, वाऱ्याचा आणि आडोशाचा.

खारवी, दालदी आणि भंडारी या येथल्या समुद्रावर जगणाऱ्या जमातींचे वर्ष दर्या ठरवतो. पावसाळ्यापूर्वी नावा वर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटतात. यांत्रिक नौकांना आता सरकारचीच १ जून ते ३१ जुलै अशी बंदी आहे. तिथीप्रमाणे पाणी ओळखायचीही रीत आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास मंद भरतीचा भांग. उघड्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लावणाऱ्यांना लाटेशी सर्वांत जवळचा संबंध येतो. रापणीची होडी फुटत्या लाटांतून बाहेर काढावी लागते. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, लाटांचा एक जथा जाऊ देतो, मधली फट धरतो आणि सगळे मिळून होडी लोटतात. परत येताना होडीची शेपटी लाटेकडे सरळ ठेवावी लागते, कारण ती आडवी झाली की उलटते. सर्फिंग शिकवणारा पहिल्या दिवशी नेमके हेच दोन धडे देतो.

प्रवाशांनाही लाटेची गाठ पडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा थांबत पणजीकडे जात. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही त्यांतली सर्वांत नावाजलेली कंपनी. आगबोट धक्क्याला लागेल अशी सोय फार थोड्या बंदरांत होती. एरवी ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू हेलकावणाऱ्या पडावात उतरत. पडाव किनाऱ्याजवळ आला की पुढचे काही हात खलाशाच्या खांद्यावर. उघड्या बंदरांत ही मोठी कसरत असे, खाडीत शिरलेल्या जयगडला त्या मानाने निभावे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, म्हणून मुंबईच्या चाकरमान्याची बोटीची वारी दिवाळी, शिमगा किंवा मे महिन्यातली. हंगाम पाळूनही अपघात टळत असे नाही. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, म्हणजे पावसाळा सरल्यावरच्या वादळात बुडाल्या. १९८० च्या दशकात मुंबई-कोकण बोटसेवा बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि हिवाळी सुट्टीतला प्रवासी रत्नागिरीला उतरून रस्त्याने गणपतीपुळ्याला येऊ लागला. पाण्याशी त्याचा संबंध घोटाभर पाण्यात उभे राहण्यापुरता उरला.

लाट चुकवण्याऐवजी तिच्यावर बसण्याची कल्पना पॅसिफिक महासागरातल्या बेटांची आहे. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतल्या जेम्स किंगने १७७९ मध्ये हवाई बेटावरच्या केआलाकेकुआ उपसागरात माणसे फळ्यांवरून लाटा कापत येताना पाहिली आणि लिहून ठेवली. हवाईयन भाषेत या खेळाला ‘हे-ए नालू’ म्हणतात आणि तो राजांपासून प्रजेपर्यंत सगळे खेळत. त्या लोकांच्या होड्यांना एका बाजूला तोलासाठी लाकूड जोडलेले असे. कोकणात अशा जोडलेल्या लाकडाला उलांडी म्हणतात आणि उलांडीची होडी रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आजही दिसते. साम्य येथेच संपत नाही. हवाईतल्या सरदारांच्या लांब फळ्या विलिविली नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाच्या असत. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातले आहे, आणि कोकणात पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधायला पांगाऱ्याचेच लाकूड शोधत. तीच होडी आणि तेच लाकूड असताना एका किनाऱ्यावर खेळ झाला आणि दुसऱ्यावर झाला नाही, याचे कारण दर्याच्या स्वभावात शोधावे लागते. हवाईला वर्षभर कुठल्या ना कुठल्या बाजूला चढता येईल अशी लाट मिळते. कोकणात चार महिने समुद्र खवळलेला आणि उरलेल्या आठ महिन्यांत लाट बहुधा लहान. खवळलेला समुद्र खेळायचा नसतो, आणि शांत समुद्र मासेमारीचा असतो.

हवाईत १८२० पासून मिशनरी आले, रोगराईने लोकसंख्या घटली आणि खेळ मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी वैकीकी किनाऱ्यावर तो पुन्हा उभा राहिला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकणारा ड्यूक काहानामोकू त्याचा प्रचारक झाला. १९१४ च्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, त्याने सिडनीजवळ फळी चालवून दाखवली. दुसऱ्या महायुद्धानंतर जड लाकडाच्या जागी फोम आणि फायबरच्या हलक्या फळ्या आल्या, आणि ऐऱ्यागैऱ्यालाही खेळ जमू लागला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंगचा पहिल्यांदा समावेश झाला.

भारतात हा खेळ संघटित स्वरूपात उशिरा आला. कर्नाटकात मंगळुरूजवळ मुल्की येथे अमेरिकेतून आलेले साधू जॅक हेब्नर यांच्या आश्रमात २००४ मध्ये मंत्र सर्फ क्लब सुरू झाला. भजन आणि सर्फिंग एकाच अंगणात, हे भारतातच घडावे. तामिळनाडूत चेन्नईच्या दक्षिणेला कोवलममध्ये मच्छीमारांच्या पोरांनी फळी हाती घेतली. त्यांतले कित्येक पुढे शिक्षक झाले. २०११ मध्ये सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यांवरही शिकवण्या सुरू झाल्या आणि पुण्या-मुंबईच्या मराठी पर्यटकाला सर्फिंगची पहिली ओळख बहुधा तेथेच होते. महाराष्ट्राने जलक्रीडेत दुसरी वाट धरली. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था उभी राहिली, आणि गणपतीपुळ्याला मोटारीच्या जोरावर चालणाऱ्या बोटींची मजा. लाटेच्या जोरावर चालणारी फळी या किनाऱ्याला अजून नवखीच आहे.

हिवाळ्यात जयगडच्या बाहेर लाट कोठून येते, याचे उत्तर नकाशावर फार लांब जाते. पहिली लाट दक्षिण गोलार्धातली. ४० ते ६० अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात वादळे बाराही महिने घोंघावतात. तेथे उठलेल्या लाटांपैकी लांब लाटा विरत नाहीत. १५ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा जथा दिवसाला सुमारे हजार किलोमीटर सरकतो, म्हणजे साडेसहा-सात हजार किलोमीटर ओलांडून १७ अंश उत्तर अक्षांशावरच्या जयगडला पोचायला त्याला आठवडा लागतो. दुसरी लाट वायव्येची. हिवाळ्यात अरबस्तान आणि इराणच्या आखातावरून ‘शमाल’ नावाचे जोरदार वारे वाहतात. त्यांनी उठवलेल्या लाटा दोन-तीन दिवसांत भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी द्वारका, रत्नागिरी आणि गोव्याजवळच्या मोजण्यांतून या शमाल लाटांची ओळख पटवली. जयगड परिसरातली कित्येक मुसलमान कुटुंबे आखातातल्या नोकरीवर उभी राहिली. लाटही हिवाळ्यात तिकडूनच येते, एवढा योगायोग नोंदवायला हरकत नाही.

त्यात शाळेच्या भूगोलात शिकवलेल्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांची भर पडते. रात्री जमीन निवते आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा समोरून येणारा वारा लाटेला धरून ठेवतो, तिचा माथा लगेच कोसळू देत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत राखतो. दुपारी खारा वारा सुटला की पाणी चुरगळते. म्हणून हिवाळ्यात फळी घेऊन पाण्यात उतरण्याची वेळ सकाळची. थंडीचा प्रश्न नाही, कारण डिसेंबर-जानेवारीतही येथे समुद्राचे पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस असते. कॅलिफोर्नियात त्या दिवसांत रबरी पोशाखाशिवाय उतरणे कठीण.

लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे पाऊण पट झाली की ती फुटते. नवख्याला फुटण्याच्या त्या जागी नेत नाहीत. फुटून गेलेल्या लाटेचे फेसाळ पाणी कमरेइतक्या खोलीत येते, शिकणे तेथे सुरू होते. फळी आठ-नऊ फुटांची, मऊ फोमची आणि दोरीने घोट्याला बांधलेली असते. आधी वाळूवर सराव होतो. पालथे पडायचे, हातांनी वल्हवायचे, छातीजवळ तळवे टेकून एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे. पाण्यात पहिली चूक बहुधा एकच होते. माणूस पायांकडे पाहतो आणि फळी नाक खुपसते. नजर किनाऱ्यावर ठेवली तर तोल राहतो. पहिल्या दिवशी दोन-तीन सेकंद उभे राहता आले तरी पुष्कळ झाले.

धोका लाटेपेक्षा परतणाऱ्या पाण्याचा आहे. फुटलेल्या लाटांचे किनाऱ्यावर साचलेले पाणी एखाद्या अरुंद जागेतून जोराने मागे जाते. तेथे लाट फुटत नाही आणि पृष्ठभाग फसवा शांत दिसतो. येथे लोक म्हणतात, पाण्याला ओढ आहे. गणपतीपुळ्याला आजवर बुडालेल्यांत घाटावरून आलेले पोहणारेही आहेत. ओढीविरुद्ध किनाऱ्याकडे हात मारत राहिले तर माणूस दमतो, किनाऱ्याला समांतर सरकून प्रवाहाबाहेर पडावे लागते. जयगडजवळच्या लहान पुळणींवर दोन्ही टोकांना खडक असतात आणि त्यांच्या कडेने ओढ हमखास असते. दूरच्या वादळाने वारा नसताना अचानक चढणारे पाणी हा आणखी एक प्रकार. केरळात त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था अशा लाटांचे इशारे देते.

खुद्द जयगडच्या आडोशाचे रूप २००९ पासून पालटले. त्या वर्षी जेएसडब्ल्यूचे खोल पाण्याचे बंदर सुरू झाले, पाठोपाठ १२०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आले. लाटरोधक भिंतीने निवांत पाणी आणखी निवांत केले आणि गलबते जेथे नांगर टाकत तेथे कोळशाची प्रचंड जहाजे लागू लागली. तावसाळकडे जाणारी फेरीबोट त्यांच्या जवळून मोटारी वाहते. जहाजांच्या मार्गात फळी नेण्याचा प्रश्नच नाही. शिकायला उरते ती नाकाच्या पलीकडची बाजू, तीही पावसाळा सरून दर्या निवल्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. मे अखेरीस राज्याचे सागरी मंडळ जलक्रीडा बंद करते आणि ऑगस्ट संपेपर्यंत ती बंद राहते.