पोलीस शिपायाचे संघस्वातंत्र्य : मुंबई, १९८२

रस्त्याच्या चौकात उभे राहून कामगारांच्या मोर्चाला वाट करून देणाऱ्या शिपायास स्वतःच्या गाऱ्हाण्यांसाठी संघ स्थापन करता येतो काय, हा प्रश्न वरकरणी सेवाशर्तींचा वाटतो. वस्तुतः तो राज्यसंस्थेच्या स्वरूपाचा आहे. वाहतूक शाखेतील शिपाई हा काही निराळ्या वर्गाचा सेवक नव्हे. तो त्याच दलातून त्या शाखेत येतो आणि त्याच कायद्याने बांधला जातो. म्हणून त्याच्या संघटनेचा इतिहास हा समग्र पोलीस दलाच्या संघटनेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर इंग्लंडात मिळाले. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला, तेव्हा सरकारने वेतनवाढ दिली, परंतु त्यांच्या संघास मान्यता दिली नाही. १९१९ च्या दुसऱ्या संपात भाग घेणाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. त्याच वर्षीच्या पोलीस कायद्याने कामगार संघाचे सभासदत्व निषिद्ध ठरविले. मात्र त्याचबरोबर 'पोलीस फेडरेशन' ही कायद्यानेच स्थापिलेली प्रातिनिधिक संस्था दिली. एक हक्क काढून घेताना दुसरा मार्ग मोकळा ठेवावा, हे या व्यवस्थेचे तत्त्व होय.

भारतात या तत्त्वाचा पूर्वार्ध तेवढा स्वीकारला गेला. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे मूलभूत हक्क संसदेस मर्यादित करता येतात. त्या आधारे १९६६ चा पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियम झाला. अनुज्ञेशिवाय कामगार संघाचे सभासद होणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. दिल्लीच्या बिगर-राजपत्रित पोलीस कर्मचारी संघास १९६६ मध्ये मान्यता मिळाली, पण पुढे ती टिकली नाही. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संघ स्थापण्याच्या हक्कात सरकारी मान्यता मिळविण्याचा हक्क अंतर्भूत होत नाही. तात्पर्य, शिपायाचा संघ सरकारच्या इच्छेवर जगतो.

महाराष्ट्रात या व्यवस्थेची कसोटी १९८२ मध्ये लागली. १८ जानेवारीपासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप चालू होता. वरळी व नायगाव येथील बी. डी. डी. चाळींत पोलीस आणि गिरणी कामगार यांची कुटुंबे शेजारी शेजारी नांदत होती. तेव्हा बंदोबस्तावरील शिपाई व बंदोबस्ताचा विषय झालेला कामगार यांच्यातील अंतर किती अल्प होते, हे सहज ध्यानी येईल. पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेने वेतन, निवास व कामाचे तास यांविषयीची गाऱ्हाणी मांडली. १५ ऑगस्ट रोजी पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला बाबासाहेब भोसले यांच्या मंत्रिमंडळाने संघटनेची मान्यता रद्द केली आणि पुढाऱ्यांना अटक करविली. त्याच दिवशी शहरात दंगल उसळली. कायद्याचे रक्षकच रस्त्यावर उतरल्यामुळे सरकारला लष्कराचे साहाय्य घ्यावे लागले.

या घटनेकडे केवळ शिस्तभंग म्हणून पाहणे अपुरे ठरेल. सशस्त्र दलाने संप करू नये, हा आग्रह रास्त आहे. अशा संपात पहिला बळी सामान्य नागरिकाचाच जातो. परंतु धरमवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या १९७९ च्या पहिल्याच अहवालात शिपायांचे वेतन, निवास व तक्रारनिवारण यांचा विचार केला होता. अर्थात गाऱ्हाणी अज्ञात नव्हती. ती ऐकून घेणारी, मान्यतेच्या मर्जीवर न विसंबणारी संस्था तेवढी नव्हती. मान्यता काढून घेतल्याने संघ नाहीसा होतो, असंतोष नाहीसा होत नाही. तो वाट शोधतो. १८ ऑगस्टला त्याने जी वाट धरली, तिचे उत्तरदायित्व वाट बंद करणाऱ्यांवरही येते, असा निष्कर्ष अभ्यासकास काढावा लागतो.