सहा जणांचा फेरा

ट्रॉम्बेच्या टेकडीखालच्या मैदानावर आम्हाला शिकायचा होता स्मॅश, शिकवलं गेलं अंडरहँड. हात जुळवा, कोपर ताठ, गुडघे वाकवा, चेंडू मनगटाच्या वर घ्या. हात लालेलाल व्हायचे. माझ्यासारख्या बुटक्याची खरी पंचाईत मात्र रोटेशनची. पाळी आली की जाळ्यापाशी जावंच लागे.

ही सक्ती खेळाच्या जन्मापासूनची नाही. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलिओक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गननं हा खेळ काढला, तो बास्केटबॉलची दगदग न झेपणाऱ्या वयस्क मंडळींसाठी. जाळं साडेसहा फुटांवर, खेळाडू कितीही! सहाचा आकडा नंतर, १९१८ मध्ये ठरला.

आशियात मात्र नऊ जणांचा खेळ रुजला. त्यात रोटेशन नाही; उंच माणूस कायम पुढे, बुटका कायम मागे. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत दोन्ही प्रकार खेळले गेले आणि भारतानं सहाच्या खेळात कांस्यपदक मिळवलं. १९६४ मध्ये ऑलिंपिकला गेला तो सहाचाच.

नऊचा खेळ सोयीचा खरा, पण त्यात मी जन्मभर मागेच राहिलो असतो. १९९८ मध्ये मागच्या रांगेतच खेळणारा लिबेरो आला. बुटक्यांना हक्काची जागा मिळाली. आमच्या मैदानावर ती कुणालाच नको होती.