कंपन्या आपलं सॉफ्टवेअर दुसऱ्यांसाठी का उघडतात? समजून घ्या एपीआयचं अर्थकारण

श्रीरामपूरहून रेल्वेनं जायचं असेल तर तिकिटावर 'श्रीरामपूर' हे नाव येत नाही. शहराचं स्टेशन दौंड-मनमाड मार्गावर आहे, पण त्याचं नाव जवळच्या गावावरून बेलापूर असं आहे आणि कोड आहे बीएपी. इथून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट आयआरसीटीसीच्या ॲपवर मिळतं, तसंच इक्सिगो आणि मेकमायट्रिपवरही मिळतं. गाडी तीच, भाडं तेच. मग आयआरसीटीसीनं आपला धंदा दुसऱ्यांच्या ॲपवर का जाऊ दिला? उत्तर तीन अक्षरांत आहे: एपीआय.

एपीआय म्हणजे नेमकं काय?

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर ठरलेला फॉर्म भरून द्यावा लागतो. कुठून, कुठे, तारीख, गाडी नंबर. आतला कर्मचारी तो पाहून तिकीट देतो. आपल्याला खिडकीच्या आत जाता येत नाही आणि आतलं रजिस्टरही दिसत नाही.

एपीआय ही अशीच खिडकी असते. फरक इतकाच की बाहेर माणसाऐवजी दुसरं सॉफ्टवेअर उभं असतं. इक्सिगो ठरलेल्या पद्धतीनं विचारतं, 'या गाडीत या तारखेला जागा आहे का?' समोरून ठरलेल्या पद्धतीनं उत्तर येतं. म्हणूनच अशा ॲपवर तिकीट काढताना शेवटी आयआरसीटीसीचा पासवर्ड विचारला जातो. दुकान दुसऱ्याचं असलं तरी तिकीट आयआरसीटीसीच्याच खिडकीतून निघतं.

कंपनीला यातून काय मिळतं?

1. जाहिरात दुसऱ्याची, विक्री आपली. ग्राहक आणण्याचा खर्च इक्सिगो किंवा मेकमायट्रिप करतात. कॅशबॅक तेच देतात, जाहिराती तेच करतात. पण प्रत्येक तिकीट आयआरसीटीसीच्या यंत्रणेतूनच निघतं. या ऑनलाइन विक्रीची किंमत किती, हे ऑक्टोबर 2021 मध्ये दिसलं. सुविधा शुल्कातला अर्धा वाटा रेल्वेला द्यावा, असा आदेश 28 तारखेला आला. दुसऱ्या दिवशी आयआरसीटीसीचा शेअर कोसळला आणि आदेश मागे घेण्यात आला.

2. थेट विक्री. काही कंपन्यांचा मालच एपीआय असतो. एखाद्या बियाणे विक्रेत्यानं वेबसाइट काढली, तर पैसे घेण्याची यंत्रणा तो स्वतः बांधत नाही. रेझरपेसारख्या कंपनीची जोडतो आणि प्रत्येक व्यवहारामागे साधारण 2 टक्के देतो. विक्री झाली नाही तर हे कमिशन लागत नाही. म्हणून छोट्या व्यावसायिकाला परवडतं आणि हजारो छोटे मिळून कंपनीलाही परवडतं.

3. सवय लागणं. एकदा एखाद्या एपीआयवर ॲप उभं राहिलं की ते बदलणं म्हणजे चालत्या घराचा पाया बदलणं. म्हणून सुरुवातीला फुकट किंवा स्वस्त देणं कंपनीच्या फायद्याचं असतं.

फुकट दिलं तरी खर्च कोणाचा?

एपीआयला विचारलेला प्रत्येक प्रश्न कुठल्या तरी सर्व्हरवर काम वाढवतो. याचं ताजं उदाहरण प्रत्येकाच्या खिशात आहे. 2016 मध्ये सुरू झालेलं यूपीआय म्हणजे बँका आणि पेमेंट ॲप यांना जोडणारे एपीआयच. जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून त्यावर शुल्क घेतलं जात नाही. त्यामुळे खर्चाचा भार बँका आणि ॲप कंपन्यांवर येतो. छोट्या दुकानदारांच्या 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी सरकार प्रोत्साहन रक्कम देतं. 2024-25 साठी त्याचा अंदाज 1,500 कोटी रुपये होता.

12 एप्रिल 2025 रोजी यूपीआय काही तास अडखळलं. 'आधीचा व्यवहार झाला का?' ही विचारणा बँकांच्या यंत्रणांकडून सारखी होत राहिली आणि तिचा ताण पडला. त्यानंतर एनपीसीआयनं मर्यादा घातल्या. 1 ऑगस्ट 2025 पासून एका ॲपवर दिवसात 50 वेळाच शिल्लक तपासता येते. किंमत पैशांत लावली नाही, तर ती अशा मर्यादांमध्ये लावावी लागते.

खिडकी बंद झाली तर?

एपीआय देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. जुलै 2018 मध्ये गुगल मॅप्सनं नवी दररचना लागू केली आणि नकाशे वापरणाऱ्या अनेक छोट्या वेबसाइटना एकदम बिल दिसू लागलं. 2023 मध्ये ट्विटरनं मोफत एपीआय बंद केला. त्याच वर्षी रेडिटनं दर लावल्यावर 'अपोलो' हे लोकप्रिय ॲप 30 जूनला कायमचं बंद पडलं. ॲप चांगलं होतं, वापरणारेही भरपूर होते, पण पाया दुसऱ्याच्या मालकीचा होता.

पर्याय आला की चित्र उलटतं. जुलै 2024 मध्ये ओलानं गुगल मॅप्स सोडून स्वतःचे नकाशे वापरायला सुरुवात केली आणि इतरांनाही देऊ केले. त्याच महिन्यात गुगलनं भारतासाठी दर 70 टक्क्यांपर्यंत कमी करत असल्याचं सांगितलं. 1 ऑगस्टपासून ते लागूही झाले.

नफ्यासाठी नसलेले एपीआय

सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयनं मिळतात. श्रीरामपूर परिसरातला एखादा तरुण त्यावरून लासलगावच्या कांद्याचा भाव दाखवणारं ॲप बनवू शकतो. त्यासाठी त्याला प्रत्येक बाजारात माणूस ठेवावा लागत नाही. सरकारला यातून पैसा मिळत नाही, पण माहिती जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोचते. मात्र बाजार समितीनं भाव वेळेवर भरला नाही, तर ॲपही शिळाच भाव दाखवणार. खिडकी कितीही चांगली असली तरी आतलं रजिस्टर कोरं असेल तर उपयोग नाही.

एपीआयवर धंदा उभा करण्याआधी पाहायच्या चार गोष्टी

- सध्याचा दर किती आणि मोफत मर्यादा कुठे संपते?
- ग्राहक दहापट झाले तर महिन्याचं बिल किती येईल?
- दर किंवा नियम बदलण्याआधी किती दिवसांची सूचना मिळते?
- उद्या हा एपीआय बंद झाला तर दुसरा कोणता जोडता येईल?

थोडक्यात, कंपनी एपीआय उघडते कारण दुसऱ्याच्या मेहनतीतून तिचा धंदा वाढतो. हा व्यवहार दोघांच्या फायद्याचा असू शकतो. फक्त खिडकीची चावी कोणाकडे आहे, हे बाहेर उभं राहणाऱ्यानं विसरू नये.