हातातलं कसब आणि पगाराची स्लिप

वाळूजच्या वर्कशॉपमधला टर्नर आणि जवळच्याच औषध कारखान्यातला प्रोसेस ऑपरेटर, या दोघांत जास्त पगार कुणाला मिळावा? आपण चटकन म्हणतो, ज्याच्या हातात कसब जास्त, त्याला. इतिहास मात्र तसं सांगत नाही.

आपल्या गावगाड्यात लोहार हा थोरल्या ओळीतला बलुतेदार. वर्षभर त्यानं फाळ ठोकून द्यायचे, विळे-कुऱ्हाडींना धार लावायची आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा न्यायचा. काम किती बारीक आणि सुबक केलं, यावर तो वाटा ठरत नसे. तो हक्कानं आणि रिवाजानं ठरे.

तिकडे ब्रिटनमध्ये 1776 साली अॅडम स्मिथनं असंच एक कोडं नोंदवलं. लोहार हा कारागीर, कोळसा खाणीतला माणूस साधा मजूर. तरी लोहाराला बारा तासांत सहसा तेवढे पैसे मिळत नाहीत, जेवढे खाणकामगाराला आठ तासांत मिळतात. कारण काय? खाणीतलं काम जास्त मळकट, जास्त धोक्याचं आणि जमिनीखालच्या अंधारातलं. म्हणजे मजुरीत कसबाबरोबर त्रासाचीही किंमत असते.

आता आपल्याकडे या. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. अशा मोठ्या कारखान्यांच्या आधारानं सुटे भाग बनवणारी छोटी वर्कशॉपं वाढली. तिथं ऑर्डर असेल तर काम. औषधं किंवा बिअर बनवणाऱ्या कारखान्याचं तसं नाही. बॅच एकदा लागली की अर्ध्यावर सोडता येत नाही. म्हणून तिथं रात्रपाळी आली, ओव्हरटाइम आला.

इथंच तुलना फसते. 1948 च्या कारखाने कायद्यानं आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आणि जादा तासांना दुप्पट दर दिला. समजा, टर्नरनं महिन्यात 208 तास काम केलं, तासाला 100 रुपयांनी. झाले 20,800. ऑपरेटरचा दर 80 रुपये. त्यानं 208 तास भरले आणि वर 26 तास ओव्हरटाइम केला, तासाला 160 नं. त्याचेही बरोबर 20,800! स्लिपवर आकडा एकच, पण एकाचे 26 तास घरच्यांच्या वाट्याचे गेले.

मग टर्नरच भाग्यवान म्हणायचा का? तसंही नाही. ऑर्डर आटली की त्याचे तासच घटतात. आणि ऑपरेटर अकुशल असतो, असं तर मुळीच समजू नका. तापमान आणि दाब यांवर रात्री तीन वाजता डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणं हेही कसबच आहे, फक्त ते दिसत नाही.

फरक आहे तो पुढेच. टर्नरचं कसब त्याच्याबरोबर गेटबाहेर येतं. लेथ जिथं असेल तिथं ते चालतं. ऑपरेटरचं बरंचसं ज्ञान त्या एका प्लांटला बांधलेलं असतं. म्हणून आयटीआयच्या दारात उभ्या असलेल्या पोरांना मी सांगतो, बाबांनो, महिन्याचा आकडा विचाराच. पण तो किती तासांचा आहे हेही विचारा, आणि कारखाना बंद पडला तर हातात काय उरेल, हेही विचारा.