पाचरीची कथा

'पाचर मारणें' म्हणजे दुसऱ्याच्या कामांत मोडता घालणें, असा अर्थ आपल्या बोलण्यांत रूढ आहे. पण लांकूड फोडणाऱ्यास विचारा. तो म्हणेल, पाचर मारल्याखेरीज माझें काम सुरूच होत नाहीं.

ही पाचर फार पुरातन आहे. पंचतंत्रांत सुतारानें अर्धवट चिरलेल्या ओंडक्याच्या फटींत खैराची पाचर ठोकून ठेविली होती. माकडानें ती उपटली आणि प्राण गमावला. या गोष्टींत यंत्रशास्त्राचें एक तत्त्व आहे. पाचर घावाच्या जोरास दोन्ही बाजूंस वळविते, लांकडाचे तंतू एकमेकांपासून विलग होतात. आणि पाचर निघतांच तेंच लांकूड तितक्याच त्वेषानें मिटूं पाहतें.

परभणीकडील काळ्या जमिनींत रान थोडें. कापूस वेंचल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या यांवरच घरोघरची चूल पेटत असे. ओंडके फोडण्याची वेळ येई ती लग्नकार्यांत, नाहीं तर अंत्यविधीच्या प्रसंगीं. बाभळीच्या गांठाळ बुंध्यापुढें कुऱ्हाड, पाचर आणि घण घेऊन उभा राहणारा मजूर घामानें निथळे. बखरींतून लढाया येतात. हा घाम येत नाहीं.

हे श्रम हलके करणारी युक्ति द्रवाच्या दाबांतून निघाली. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कलचा सिद्धांत १६६३ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. १७९५ मध्यें इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें त्यावर दाबयंत्र रचलें. आजच्या लांकूड फोडण्याच्या यंत्रांत पाण्याऐवजीं तेल असतें. दहा सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर दर चौरस सेंटिमीटरास २०० किलोग्रॅम दाब दिला, तर ओंडक्यावर सुमारें १५,७०० किलोग्रॅमांचा रेटा पडतो.

या बळामुळेंच एका पात्याच्या जागीं चार पात्यांची पाचर बसवितां आली. एका रेट्यांत चार तुकडे! चांगल्या रचनेंत उभें पातें आधीं भिडतें आणि आडवीं किंचित् मागें असतात. म्हणजे सारा भार एकदम येत नाहीं. पाचरीचा मध्य ओंडक्याच्या मध्याशीं जुळला पाहिजे, नाहीं तर एक तुकडा जाड आणि दुसरा काडीसारखा निघतो.

परंतु पातीं वाढलीं कीं रेटाही अधिक लागतो. सरळ तंतूंचें लांकूड मुकाट्यानें उकलतें. गांठाळ बाभूळ मात्र चार पात्यांत अडकून बसते. अशा वेळीं शहाणा कारागीर आडवीं पातीं काढून एका पाचरीवर येतो, आणि अडकलेला ओंडका सोडवितांना यंत्र आधीं बंद करतो.

घणाची जागा तेलानें घेतली, तरी लांकडाची रेषा ओळखण्याचें काम माणसाकडेच राहिलें. पाचर कोठें घालावी आणि हात कोठून दूर ठेवावा, हें ज्यास कळलें, त्यासच त्या माकडाची गोष्ट खरी कळली.