अकराव्या थराच्या खाली

१३ मे २००९. तुम्ही स्टॉकहोममधल्या एका संगणकाच्या आत उभे आहात. पायाखाली गवत, गवताखाली दगडगोटे, आणि त्यापलीकडे तिसरा ठोकळाच नाही. मार्कस पेर्सन नावाचा प्रोग्रामर नोकरी सांभाळून हे जग रचतो आहे. त्याला मनाजोगतं नाव अजून सुचलेलं नाही, तूर्तास तो त्याला 'केव्ह गेम' म्हणतो. सवयीने तुम्ही टिकाव शोधता. तो नाही. ठोकळ्यावर टिचकी मारली की ठोकळा गायब, पण हातात काही येत नाही. ठेवायला गेलात तर ठोकळे संपतही नाहीत. इथे गोळा करणं हा प्रकारच जन्माला आलेला नाही.

गंमत अशी, की थोड्याच आठवड्यांपूर्वी झॅकरी बार्थ या अमेरिकी डिझायनरचा 'इन्फिनीमायनर' आला होता आणि त्याचा सगळा जीव गोळा करण्यातच होता. दोन गट जमीन पोखरतात, खनिज वर आणतात, गुण मिळवतात. पेर्सनने त्यातले ठोकळे उचलले आणि स्पर्धा तिथेच सोडली. त्याने हे ऋण उघडपणे मान्यही केलं आहे.

तुमच्या प्रवासाचं यंत्र काल्पनिक नाही, हे इथेच सांगून टाकतो. हाच 'केव्ह गेम' पुढे 'माइनक्राफ्ट' झाला, आणि त्याच्या जावा आवृत्तीच्या लाँचरमध्ये जुन्या आवृत्त्या दाखवण्याची एक चौकट आहे. तिच्यात खूण केली की २००९ पर्यंतचे बरेच मुक्काम यादीत येतात. मुक्काम निवडा आणि उतरा.

ऑगस्ट २०१०, अल्फाचे दिवस. सकाळ झाली आहे. गेममधला अख्खा दिवस वीस मिनिटांचा, त्यातला लख्ख उजेड दहा मिनिटांचा. पुढच्या काळातून आल्यामुळे तुम्हाला हिशेब पाठ आहे: तीन ओंडके, एकही जास्त नाही. तीन ओंडक्यांच्या बारा फळ्या होतात. चार क्राफ्टिंग टेबलला गेल्या, दोनच्या चार काठ्या झाल्या, तीन फळ्या आणि दोन काठ्या लाकडी टिकावाला लागल्या. उरलेल्या दोन काठ्या दगडी टिकावासाठी. लाकडी टिकावाने फक्त तीन दगड काढायचे आणि मग त्याला विसरून जायचं. आजूबाजूला नवखे लोक अर्धं रान तोडत बसलेले असतात. तुम्ही तोवर डोंगराच्या पोटात शिरलेले असता.

मग सूर्य कलतो आणि तुमची हुशारी अडखळते. कोळसा सापडलेला नाही, पण ओंडके भट्टीत टाकले की लोणारी कोळसा होतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. बाहेर जाऊन ओंडके आणता, टाकता. काहीच होत नाही. ती सोय जानेवारी २०११ मध्ये येणार आहे. पलंगही नाही, तो त्याच्या पुढच्या महिन्यात. म्हणजे कोळसा मिळेपर्यंत मशाल नाही, आणि झोपून रात्र टाळण्याचीही सोय नाही. बाहेर क्रीपर नावाचे राक्षस फिरू लागतात. तोंड दगडाने बुजवून घ्या आणि अंधारातच खोदत राहा. काळोखाची सात मिनिटं भिंतीकडे बघत काढण्यापेक्षा त्यात एक जिना तरी तयार होतो. पलंग आल्यावर रात्र झोपून काढणारे खेळाडू मला नेहमीच थोडे उधळे वाटत आले आहेत.

आता जुलै २०११, बीटा १.७.३. इथे जरा जास्त थांबा. नवं जग तयार करा आणि ते जपून ठेवा, त्याची पुढे गरज पडणार आहे.

जिना खोदत खाली जा, बेडरॉक लागेपर्यंत. हा काळा खडबडीत दगड कशानेच फुटत नाही. तळाच्या पाच थरांत तो कमीजास्त पसरलेला आहे. तळाचा थर शून्य धरून वर मोजायला लागा आणि अकराव्या थरावर पाय टेका. अकराच का? हिरे सोळाव्या थराच्या खालीच असतात आणि दहाव्या थरापासून खाली मोकळ्या जागी लाव्हा भरलेला असतो. अकरावर उभं राहिलं की हिऱ्यांचा पट्टा डोळ्यांसमोर आणि लाव्हा पायांखाली. खेळाडूंनी हा आकडा चुका करून, जळून, सामान गमावून शोधलेला आहे.

जगाचे सोळा बाय सोळाचे खांब पाडलेले असतात, त्यांना चंक म्हणतात. एका चंकमध्ये हिऱ्यांचे ठोकळे सरासरी तीनच्या आसपास. हिऱ्यांचा पट्टा सोळा थरांचा, म्हणजे एका चंकच्या पट्ट्यात ४०९६ ठोकळे, आणि त्यात तीन हिरे. सगळं उपसून काढायचं म्हटलं तर टिकावांची रास लागेल. म्हणून ब्रँच मायनिंग: मधोमध एक मुख्य बोगदा आणि त्याला काटकोनात फुटलेल्या शाखा. शाखेची उंची दोन ठोकळे, रुंदी एक. तुम्ही दोन ठोकळे फोडता तेव्हा नवे सहा दिसतात: डावीकडे दोन, उजवीकडे दोन, एक छताचा, एक जमिनीचा. फोडण्याच्या तिप्पट बघणं, असा हा धंदा आहे.

खरा प्रश्न पुढे आहे. दोन शाखांमध्ये किती जागा सोडायची? दोन ठोकळे सोडले तर मधलं काहीच नजरेतून सुटत नाही, कारण एक ठोकळा या शाखेतून दिसतो, दुसरा पलीकडच्या. व्यवस्थित माणसाला हेच आवडतं. पण हिरे सहसा पुंजक्याने असतात. तीन सोडले तर मधली एक रांग अंधारात राहते, आणि तिच्यात अख्खा पुंजका दोन्हीकडून नजर चुकवून बसण्याची शक्यता थोडी. अंतर आणखी वाढवा: काही हिरे नक्की मागे राहतील, पण फोडलेल्या दर शंभर ठोकळ्यांमागे हातात येणारे हिरे वाढतील. कोपऱ्यातली शेवटची मोहरी टिपत बसणाऱ्या सुगरणीचा स्वभाव इथे तोट्याचा आहे. जगाला अंत जवळजवळ नाही, तुमच्या संध्याकाळला आहे. म्हणून माझ्या मते या खेळातलं कौशल्य किती सापडलं यात कमी आणि काय सोडून पुढे गेलात यात जास्त दिसतं. या जगात तुम्ही तीनाचं अंतर ठेवा. मधले हिरे राहू द्या.

बरोबर काय घ्यायचं? लोखंडी टिकाव अडीचशे घाव टिकतो, म्हणजे एकात सव्वाशे ठोकळे लांबीची शाखा होते. लोखंडाचे तीन तुकडे आणि दोन काठ्या, एवढीच त्याची किंमत. लाकूड मात्र वरूनच भरून न्या, तिथे खाली झाड मिळणार नाही. मशाली जाताना फक्त डाव्या भिंतीला लावा. परतताना त्या उजव्या हाताला दिसल्या की वाट बरोबर आहे. बोळात दगडाचा चुरा इतका होतो की छत्तीस खणांचं सामान बघता बघता भरतं. तो तिथेच टाका. वर नेऊन रचलेले दगडांचे ढीग मी अनेकांच्या घराशेजारी पाहिले आहेत, वापरलेले क्वचितच.

खदखद ऐकू आली की हात आवरा, पलीकडे लाव्हा आहे. हिरा दिसला तरी लगेच घाव घालू नका. आधी त्याच्या भोवतीचे ठोकळे काढून बघा, मागे लाव्हा असला तर पाण्याची बादली ओता, मगच हिरा फोडा. लाव्ह्यात पडलेला हिरा जळून जातो. खऱ्या हिऱ्याचं काय होतं याच्याशी गेमला देणंघेणं नाही.

१८ नोव्हेंबर २०११. लास वेगासच्या मंचावर पेर्सन एक खटका ओढतो आणि आवृत्ती १.० जाहीर होते. तुम्ही त्या टाळ्या ऐकत थांबू नका, बोगद्यात परत या. टिकावावर जादू चढवायची सोय आता आली आहे. 'फॉर्च्यून'ची तिसरी पायरी असलेल्या टिकावाने हिऱ्याचा एक ठोकळा फोडला तर सरासरी २.२ हिरे मिळतात. दहा ठोकळ्यांतून बावीस. जुलैमध्ये घाईघाईने फोडलेल्या प्रत्येक हिऱ्याने तुमचं अर्ध्याहून अधिक नुकसान केलं, फक्त तेव्हा ते कळायला मार्ग नव्हता. या दिवसापासून जाणकार खेळाडू हिरा सापडला की खुणेची मशाल लावतो, जागा लिहून ठेवतो आणि निघून जातो. जादूचा टिकाव हाताशी आला की सगळ्या खुणा एका फेरीत वेचतो.

मधली वर्षं झपाट्याने ओलांडा. २०१२ मध्ये गावकऱ्यांशी व्यापार सुरू होतो, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्ट अडीच अब्ज डॉलरला मोयांग, म्हणजे या गेमची कंपनी, विकत घ्यायचं ठरवते. बोगद्याला दोन्हींचं सोयरसुतक नाही.

२३ जून २०२० ला नेदरमध्ये, म्हणजे गेममधल्या पाताळात, उतरा. खाली आगीचा समुद्र, वर लालसर खडक. काही भागांत मात्र काळेभोर खांब दिसतील. तो बेसाल्ट आहे, सह्याद्रीचा कातळ ज्याचा तोच, आणि गेममध्ये तो आत्ताच आला आहे. पण तुम्ही आला आहात नेदराइट या धातूसाठी. त्याचा कच्चा माल म्हणजे 'एन्शंट डेब्री', पंधराव्या थराच्या आसपास सर्वांत जास्त सापडतो आणि मोकळ्या हवेला लागून कधीच नसतो. गुहेत भटकून तो दिसायचा नाही, फोडायलाच हवं. चार डेब्री आणि सोन्याचे चार तुकडे मिळून एक नेदराइट तयार होतं.

इथे खेळाडूंनी जी युक्ती काढली ती मला या खेळातली सर्वांत खट्याळ वाटते. नेदरमध्ये पलंगावर झोपायला गेलं की पलंगाचा स्फोट होतो. वर्षानुवर्षं ही नवख्यांची फजिती होती. पण तिथला लाल खडक ठिसूळ आणि डेब्री स्फोटाला दाद न देणारी. मग काय, बोगद्याच्या टोकाला पलंग ठेवा, तुमच्या आणि त्याच्या मध्ये एक ठोकळा लावा, आणि झोपायचा प्रयत्न करा. धूर निवळला की खडक गेलेला आणि डेब्री असेल तर भिंतीत उघडी. एका पलंगाला तीन लोकरी आणि तीन फळ्या लागतात, तर सुरुंगाच्या दारूसाठी क्रीपरमागे हिंडावं लागतं. मेंढपाळी परवडते. अडचण एकच: पलंग एकावर एक रचता येत नाहीत, प्रत्येकाला एक खण लागतो.

आणि आता ३० नोव्हेंबर २०२१, आवृत्ती १.१८. जुलै २०११ चं ते जपलेलं जग उघडा. अकराव्या थरावरचा बोगदा जसाच्या तसा आहे, डाव्या भिंतीवरच्या मशालींसकट. जिन्याच्या तळाशी जा. जो काळा दगड कशानेच फुटत नव्हता तो तिथे नाही. त्याच्या जागी डीपस्लेट आहे, आणि टिकाव मारला की तो फुटतो. तुमच्या जगाचा तळ काढून घेऊन त्याखाली आणखी चौसष्ट थर जोडले आहेत. शून्य आता तळ राहिलेला नाही. बेडरॉक उणे ६४ ते उणे ६० च्या दरम्यान गेला आहे.

अकराचा आकडा मोडीत निघाला. नव्या जमिनीत हिरे सोळाच्या खाली सुरू होतात आणि जितकं खोल जावं तितके वाढत जातात. लोखंड सोळाच्या आसपास भरघोस, शिवाय उंच डोंगरांत वेगळं. तांबं ४८ जवळ, सोनं उणे १६ जवळ. एकाच बोगद्यात सगळं मिळवायची जुनी सोय संपली. आता काय हवं ते आधी ठरवून थर निवडायचा. नव्या गुहा प्रचंड आहेत आणि त्यांत हिंडून लोखंड, कोळसा, तांबं पटापट मिळतं. हिऱ्यांचं उलट आहे: जगाची मांडणी होतानाच हवेला टेकलेले बरेचसे हिरे गाळले जातात. त्यामुळे गुहेच्या भिंती फसव्या. लोखंडासाठी गुहा, हिऱ्यांसाठी अजूनही बोगदाच.

पण डीपस्लेट चिवट आहे. साध्या दगडाच्या जवळपास दुप्पट वेळ घेतो. टिकावावर 'एफिशियन्सी'ची पाचवी पायरी आणि बीकन या जादुई दिव्याने मिळणारी 'हेस्ट' ही दोन्ही असली की साधा दगड स्पर्शानेच जातो, डीपस्लेट तरीही क्षणभर अडवतोच. बीकनच्या पूर्ण मनोऱ्याला १६४ ठोकळे लागतात, लोखंडाचे करायचे तर १४७६ तुकडे. इतकं कोणी खोदत नाही. गावकऱ्यांना घाबरवून लोखंडी गोलेम जन्माला घालणारी शेतं लोक उभारतात. एक गोलेम मेला की तीन ते पाच तुकडे, म्हणजे मनोऱ्यामागे साडेतीनशेच्या वर गोलेम. शेत एकदा चालू झालं की खेळाडूने काही न करता चालतं, आणि खेळाडू शेजारी उभा राहून दुसऱ्या खिडकीत व्हिडिओ बघतो. हिशेबाने त्याला तोड नाही. मला ते खेळणं वाटत नाही, तो भाग वेगळा.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. दोन शाखांमध्ये दहा वर्षांपूर्वी सोडलेले हिरे अजून तिथेच आहेत. ते काढायला गेलात तर चार हजारांत तीन हा जुनाच भाव. किंवा सगळं सोडून खाली. काही जण उणे ५९ वर, बेडरॉकला अगदी चिकटून खोदतात, कारण हिरे तिथे सर्वाधिक. पण उणे ५४ च्या खाली गुहांमध्ये लाव्हा भरलेला असतो. मी उणे ५३ म्हणेन, अकरामागे जे कारण होतं त्याच कारणाने. थोडे हिरे कमी, सामान जळण्याचा धोकाही कमी.

अकरापासून उणे ५३ पर्यंत बरोबर चौसष्ट पायऱ्या. जिनाच खोदा. सरळ पायाखाली खोदणारे २०१० मध्येही लाव्ह्यात पडत होते आणि आजही पडतात. शाखांमध्ये या वेळी तीनाऐवजी चार सोडून बघा, आणि निघण्यापूर्वी पाण्याची बादली घेतली आहे ना, तेवढं पाहा.